स्पोर्ट्‌स कारची मोरी

मिल्टन कीन्झ,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. बाबा आणि आईस,


गाडी घेतली. माझदा एमएक्स-५, २००४ ची, लाल, कापडी टपाची आणि दोन सीटांची. आयुष्यभर दापोडीच्या वर्कशॉपमध्ये एसटीच्या गाड्या सांभाळलेल्या माणसाच्या मुलीने दोन सीटांवर यावं, याला कुणी अधोगती म्हणेल. म्हणू दे. घरची जुनी गाडी आहेच, त्यामुळे आम्ही तिघं कुठे अडत नाही. पण या गाडीत पुढे कोण बसणार, हे मनूने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "मी आणि आई. बाबा बसने." समीर तेव्हापासून गाडीकडे सवतीकडे बघावं तसा बघतो.

इथे चौकाचौकात सिग्नलऐवजी गोल सर्कलं आहेत आणि या गाडीला सर्कल म्हणजे जत्रा. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांची, वजन जेमतेम टनभर. इंग्रज एके काळी अशा उघड्या गाड्या स्वतः बनवायचे. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, आणि १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जपान्यांनी ही गाडी मांडली. हिरोशिमात बनवून ती इंग्रजांनाच विकली! २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या. आमचे शेजारचे आजोबा मात्र अजून आपल्या तरुणपणच्या ब्रिटिश गाडीची आठवण काढतात. तिच्यातून सतत ऑइल गळायचं, म्हणून खालून कधी गंज धरला नाही, असं ते अभिमानाने सांगतात.

गंजाचा विषय निघालाच आहे, तर मुख्य गोष्ट सांगते. मला वाटलं होतं, स्पोर्ट्‌स कार सांभाळायची म्हणजे इंजिनात डोकं घालायचं. इंजिन बिचारं गुणी आहे. सगळी मारामारी पाण्याशी. पहिल्या मोठ्या पावसानंतर सीटमागच्या गालिच्यावर हात ठेवला, तर पचपच. समीरने टप फाटला असं जाहीर करून नव्या टपाच्या किमती काढायला सुरुवातही केली. मी टप चाचपला. तो ठणठणीत होता.

बाबा, या गाडीला मोऱ्या आहेत. टपाच्या मागच्या कडेला आतून पन्हळ असते. तिच्यात जमलेलं पाणी सीटबेल्टच्या मागच्या दोन नळ्यांमधून खाली, मागच्या चाकांपुढे, जमिनीवर पडायला हवं. पण आधीच्या मालकाने गाडी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी केलेली. पानं कुजून नळ्या तुंबल्या, पाणी आत वळलं. आणि ते नुसतं गालिच्यावर थांबत नाही. दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग चकचकीत, आतून भुसा. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे लोणचंच.

समीर छत्रीची काडी घेऊन धावला. मी ती काढून घेतली, कारण टोकदार काही घातलं तर नळीच फाटते. पडदे लावायची प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग असते ना, ती वरून हळूहळू फिरवत आत सोडली. आधी काहीच नाही. मग भळ्ळकन काळा चिखल, पानांचा लगदा आणि मागोमाग कुणा बाईची केसांची पिन. वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली चाकापुढे धार लागली. मनूने टाळ्या वाजवल्या. एवढा आनंद मला गाडी पळवतानाही झाला नाही.

ऑइल बदलणं त्या मानाने सोपं. फक्त फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असा दडवलाय, की बसवणाऱ्याचे हात मनूएवढे असावेत. इंजिन थोडं गरम केलं, चाकांना ओट लावली, जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हे तुम्ही लहानपणी इतकं बजावलंय की मी समीरलाही स्टँड हलवून बघायला लावलं. तो ऑफिसच्या पांढऱ्या शर्टातच टॉर्च धरायला आला होता. फिल्टर सुटला आणि जुनं ऑइल आधी माझ्या कोपरापर्यंत आलं, मग टॉर्चवाल्याकडे वळलं. नवीन चारेक लिटर भरलं, नवा वायसर घातला. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून कौन्सिलच्या केंद्रात द्यायचं असतं, गटारात नाही.

तुम्ही नट किती आवळायचा ते मनगटाने ओळखायचात. मी टॉर्क पाना घेतला. पुरेसं झालं की 'कट्' वाजतो आणि समीर दचकतो. खंडेनवमीला तो पाना आणि चौदाचा रिंग पाना पाटावर मांडला, झेंडू वाहिले. तुमच्या वर्कशॉपमधल्या पूजेची सर नाही, पण पेढे होते.

पासिंगही झालं. इथे तीन वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी लागतं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटर तरी हवी. लोक खाचेत वीस पेन्सचं नाणं उभं घालून बघतात. नाण्याची कडेची पट्टी दिसली नाही तर टायर चालला. आमचे चारही उत्तम. तपासनीस दाराखालच्या पत्र्यापाशी मात्र बराच वेळ रेंगाळला आणि 'लक्ष ठेवा' असं कागदावर लिहून दिलं.

आता प्रश्न टायमिंग बेल्टचा. साठ हजार मैलांच्या आसपास बदलावा म्हणतात, काटा तिथे आलाय आणि सर्विस बुकात आधी बदलल्याचा शिक्का नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, हे पत्र आईही वाचणार. मी स्वतः हात घालू का? की तुम्ही मे महिन्यात येईपर्यंत गाडी हळू चालवू? आलात तर पाने आणू नका, इथे मिळतात. बॅगेतली ती जागा आईला भाजणीसाठी लागेल.

तुमची,
वैशू

ता. क. बाबा, इंजिन ऑइलचे डाग फरशीवरून कसे काढायचे ते वैशूला माहीत आहे. पांढऱ्या शर्टावरून कसे काढायचे, ते आईंना विचारून कळवाल का? – समीर