रिकामी जागा

इंग्लंडमध्ये एमएस्सी करायचं ठरलं, तेव्हा तिथल्या कॉलेजाने आयईएलटीएसमध्ये साडेसहा बँड मागितले. नऊपैकी साडेसहा म्हणजे शंभरात बहात्तर, असा हिशेब मी मांडला आणि निम्मा अभ्यास तिथेच झाला असं समजलो. लिहिण्या-बोलण्याची धास्ती होती. ऐकण्या-वाचण्याची कशाला? कान आहेत, डोळे आहेत.

लिसनिंगचं रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. एकदाच! आमच्या घरात एकदा सांगितलेली गोष्ट कुणी धरतच नाही. आईची पहिली हाक ही नुसती सूचना असते, दुसरी इशारा, आणि तिसरीला "मग मी ताट झाकून ठेवते" आलं की माणसं जागची हलतात. बावीस वर्षं असे घडलेले कान घेऊन मी सराव परीक्षेला बसलो. एक बाई सहलीचं बुकिंग करत होत्या. तारीख म्हणाल्या 'थर्टीन्थ'. मी ऐटीत १३ लिहून पेन्सिल खाली ठेवली. पुढच्याच वाक्यात बाईंनी "सॉरी, थर्टिएथ" अशी दुरुस्ती केली. ही परीक्षेची नेहमीची खोड आहे म्हणे. पण बाईंनी विचार बदलला तेव्हा मी स्वतःच्या अक्षराकडे कौतुकाने बघत होतो.

मग कान तयार करायला ब्रिटिश रेडिओ लावला. मेसमध्ये जेवताना हेडफोन लावून गंभीरपणे मान हलवायचो. रूममेटने विचारलं, "काय म्हणतोय?"

"पाऊस पडणार आहे."

"कुठे?"

"इंग्लंडमध्ये."

"हे मला हेडफोनशिवाय माहीत होतं," तो म्हणाला आणि माझ्या ताटातला पापड उचलून गेला.

रीडिंगचं दुखणं वेगळं. साठ मिनिटांत तीन उतारे, चाळीस प्रश्न, आणि त्यात ते 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'. विधान खरं की खोटं हे उताऱ्यात दिलंच नसेल, तर तसं लिहायचं. आता पुण्यात पत्ता विचारा. माहीत नसलेला माणूससुद्धा हात करून दिशा दाखवतो. 'दिलेलं नाही' म्हणायची आपल्याला सवय कुठे? एक उतारा मधमाश्यांवर होता. विधान होतं : मधमाश्यांमुळे फळबागांचं उत्पन्न वाढलं. मी 'ट्रू' लिहिलं. सरांनी उताऱ्यातली ओळ मागितली. मी म्हणालो, "आटपाडीला मामाची डाळिंबाची बाग आहे. तिथे पेट्या ठेवल्यावर फळ वाढलं, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मामांचा उल्लेख उताऱ्यात आहे का?"

नव्हता. पुढे महिनाभर मामांना डोक्याबाहेर बसवून मी उतारे वाचले आणि चक्क जमायला लागलं.

सरांचा शेवटचा कानमंत्र : चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा रिकामी जागा सोडू नका.

परीक्षा कागदावरची होती. लिसनिंगला एकविसावं उत्तर निसटलं, तिथे मोकळंच ठेवून मी पुढे गेलो. शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला दहा मिनिटं मिळाली. मी सुंदर अक्षरात उतरवली. संपली, तरी चाळिसावी ओळ रिकामीच. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला कानमंत्र आठवला. मी तिथे 'लायब्ररी' लिहिलं. स्पेलिंग दोनदा तपासलं.

बाहेर चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "शेवटचं उत्तर कॉपर ना?"

"हो, मीही कॉपरच लिहिलं."

मग लायब्ररी कुठे लिहिलं, हा प्रश्न माझा मलाच पडला आणि हातातला चहा गार झाला. बाविसाव्याचं उत्तर एकविसाव्या ओळीत, तेविसाव्याचं बाविसाव्या, असं करत एकोणीस उत्तरं एकेक घर वर सरकली होती. कॉपर एकोणचाळिसाव्या ओळीत विराजमान होतं.

निकाल लागला. रीडिंगला सात, लिसनिंगला पाच. आईने "पेपर कसा गेला होता रे?" असं तीनदा विचारलं.

पुढच्या महिन्याचा फॉर्म भरला आहे. या वेळी कॉम्प्युटरवरची परीक्षा घेतली आहे. तिथे उत्तरं उतरवून काढावी लागत नाहीत.