चौदा चौकटींची खाली

धावण्याच्या भरात तो कड्याचं टोक ओलांडतो, पायांखालची जमीन संपते आणि तरीही तो पडत नाही. हवेत नुसता उभा राहतो. एक पाय खाली सोडून चाचपतो, मग खाली बघतो, मग आपल्याकडे. त्या नजरेत भीती कमी आणि ओशाळलेपण जास्त असतं. भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसलोय हे पहिल्या घासाला कळलेल्या माणसासारखं. एवढं झाल्यावरच तो पडतो. गुरुत्वाकर्षणालाही त्याच्यासाठी एवढं थांबावं लागतं.

वॉर्नर ब्रदर्सच्या या कोल्ह्याचं, वाइल ई. कोयोटीचं, पडणं दिग्दर्शक चक जोन्स यांनी चौकटींत मोजून ठेवलं होतं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. त्यातल्या १८ चौकटींत, म्हणजे पाऊण सेकंदात, तो लहान होत होत ठिपका होतो आणि नाहीसा होतो. पुढच्या १४ चौकटी काहीच घडत नाही. मग दरीच्या तळाशी धुळीचा एवढासा फुगारा उठतो. १३ चौकटींनी हसू येत नाही आणि १५ नेही येत नाही, असं जोन्स सांगत. मला त्या १४ चौकटींत तबल्याची खाली ऐकू येते. डग्ग्याचा घुमार थांबतो, हात मात्र चालू असतात आणि कान समेकडे डोळे लावून बसतात. वाळवंटातल्या एका उपाशी जनावराच्या कपाळमोक्षासाठी कुणी इतक्या तयारीची लय सांभाळावी, याचं नवल वाटतं. थोडी मायाही वाटते.

हे सहा-सात मिनिटांचे बोलपट १९४९ पासून अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. समोर मोठी माणसं बसलेली असत. आम्हाला ते लाभले फार उशिरा, दूरचित्रवाणीच्या डबड्यात आणि गृहपाठाच्या वेळेत. आजी वाती वळत मागे बसायची. तिचा जीव त्या पळणाऱ्या पक्ष्यात, रोडरनरमध्ये, कधी गुंतला नाही. “अरे, एकदा तरी मिळू दे की त्या बिचाऱ्याला!” असं ती म्हणायची आणि वातीला जरा जास्तच पीळ बसायचा. आता वाटतं, रसिक म्हणून ती आमच्या पुष्कळ पुढे होती. आपल्या गोष्टीतल्या कोल्ह्याने दोन-चार उड्या मारल्या, द्राक्षं आंबट ठरवली आणि तो घरी गेला. या कोल्ह्याने इतक्या वर्षांत एकदाही तसं म्हटलेलं नाही. अ‍ॅक्मे कंपनीची नवी पेटी येते, तो ती उघडतो आणि सूचनांचा कागद असा मन लावून वाचतो, की आपलीच आशा पालवते.

त्याच्या मागे पसरलेलं वाळवंटही निवांतपणे पाहायला हवं, पण कथा पाहू देत नाही. मॉरिस नोबल यांनी आखलेलं आणि फिलिप डिगार्ड यांनी रंगवलेलं ते आकाश मनात आलं तर पिवळं होतं आणि खडक एका बोटावर तोललेले असतात. तिकडे संगीतकार कार्ल स्टॅलिंग वाद्यवृंदाकडून स्मेताना या संगीतकाराचं ‘विदूषकांचं नृत्य’ वाजवून घेत आहेत. तरुणपणी त्यांनी मूकपटांना चित्रगृहात बसून साथ केली होती. आणि रोडरनरचं ते ‘बीप बीप’? पॉल ज्युलियन नावाचे पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार मोठाली चित्रं छातीशी धरून स्टुडिओच्या बोळातून चालत. समोरचं दिसायचं नाही म्हणून तोंडाने तसा आवाज करत जायचे. तोच आवाज पुढे पक्ष्याला दिला गेला. वाटेतून बाजूला व्हा, एवढंच एका सज्जन माणसाचं म्हणणं होतं.

चौकट-चौकट मोजण्याच्या या कामाला लागणारा धीर आपल्याकडेही एकाने दाखवला होता. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर तो वेल मिनिटभरात वर चढला. जोन्सचा कोल्हा खाली जायचा, फाळक्यांचा वाटाणा वर. घाई दोघांनाही नव्हती.

पुढे जोन्स यांनी या चित्रपटांचे नियम लिहून काढले. कोल्ह्याला इजा होईल ती त्याच्याच चुकीने किंवा अ‍ॅक्मेच्या मालाने. शक्य तिथे गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सर्वांत मोठा शत्रू. आणि त्याला हवं तेव्हा थांबता येईल, पण तो ध्यास घेतलेला आहे. वाचताना वाटतं, घटना समिती बसली असावी. मात्र यातल्या कितीतरी गोष्टी रचणारे लेखक मायकल माल्टीज यांना नंतर कुणी या नियमांबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, असे काही नियम आपण कधी ऐकलेच नव्हते. म्हणजे हा गृहस्थ वर्षानुवर्षं कड्यापलीकडे हवेतच चालत होता, आणि खाली बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.