पंखा बदलू नये

संगणकाचा पंखा घरघरू लागला, की बारामतीचा दुकानदार सरळ सांगतो, नवा टाका. दोन-तीनशे रुपये, चार स्क्रू, पाव तास. इतक्या स्वस्तात सुटणारा प्रश्न मुळात आपल्या तोलामोलाचाच नव्हे, हे ओळखून सुज्ञ माणसानं पंखा बदलू नये.

आवाजाचे उपकार आधी पाहू. रसवंतीच्या चरकाला घुंगरं बांधतात ती रस्त्यावरून जाणाऱ्याला रस चालू आहे हे कळावं म्हणून. इंदापूरकडच्या खेड्यातल्या सेवा केंद्रात हेच काम पंखा फुकटात करतो. सातबारा काढायला आलेला माणूस पारावर बसूनच ओळखतो, यंत्र चालू हाय. घरघर थांबली, म्हणजे वीज गेली किंवा चालक जेवायला गेला. पाटी रंगवायचा खर्च वाचला.

अर्थात, पंखा एका रात्रीत या पदाला पोहोचत नाही. स्वस्त पंख्याचा दांडा तेलात भिजलेल्या बुशात फिरतो. गाळप हंगामात सोमेश्वर-भवानीनगरकडं उसाचे फड पेटले, की दोरीवरच्या धोतरांवर काजळी उतरते. तीच पात्यांवरही बसते. मग एप्रिल-मे येतो. पत्र्याच्या गाळ्यात चाळीस अंशांवर ते तेल आटतं, बुश झिजतो, दांडा हेलकावे खातो आणि पातं चौकटीला घासू लागतं. एवढी निसर्गाची मेहनत दोनशे रुपयांत धुळीला मिळवायची म्हणजे कृतघ्नपणाच.

उपचारांची मात्र आपल्याकडं कमी नाही. पहिला उपचार थापटीचा. संगणकाच्या डब्याच्या कुशीत अंदाजानं एक दिली, की दांडा जरा सरकतो आणि शांतता नांदते. ती ओसरली, की डबा आडवा निजवावा. त्यानंही भागलं नाही, तर पंख्याचा स्टिकर सोलून आत खोबरेल सोडावं. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, म्हणून डिसेंबरात सकाळी पंखा उठत नाही. त्याला पेन्सिलीनं ढकलून जागं करावं लागतं. शिलाई मशीनचं तेल याहून बरं, हे खरं. पण मग पंखा महिनोन्‌महिने मुकाट फिरेल आणि चालकाच्या हाताला काम उरणार नाही.

सर्वांत थोर उपाय म्हणजे झाकण काढून समोर टेबल फॅन लावणं. 12 व्होल्टच्या दुबळ्या पंख्यासाठी 230 व्होल्टचा दांडगा पंखा दिवसभर राबतो. सहकाराची चळवळ या मुलखात रुजली म्हणतात ती काही उगीच नाही. उघड्या डब्यात पालीचीही सोय होते.

इथल्या प्रगतीला कोणी नावं ठेवू नयेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात. जानेवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी बंगळुरूच्या भाषणात बारामतीच्या शेतकऱ्यांचा दाखला दिला. उसाला पाणी कधी हवं, ते उपग्रह आणि मातीतले सेन्सर सांगतात. आपला पंखा तर उपग्रहाशिवाय सांगतो, तोही ओरडून.

त्याचं ऐकलं नाही, तर मदरबोर्ड सांगतो. संगणक सुरू होताना पडद्यावर येतं, ‘सीपीयू फॅन एरर, एफ वन दाबा.’ अनुभवी चालक एफ वन दाबतो. त्याहून अनुभवी असेल तो बायॉसमध्ये शिरून पंख्याच्या वेगापुढं ‘इग्नोर’ निवडतो. तक्रार कायमची निकालात! पंखा पुढं थांबला तरी कुणाला कळत नाही. प्रोसेसर तापतो, जीव वाचवायला आधी मंद होतो आणि शंभर अंशांच्या आसपास गेला, की स्वतःच सगळं बंद करतो. ही वेळ बहुधा पीकविम्याच्या शेवटच्या दुपारी येते, बाहेर रांग असताना, अर्ज निम्मा भरला असताना.

तेव्हाही चालक डगमगत नाही.

“आबा, सर्व्हर गेलाय. बसा, च्या सांगतो.”

“मुंबईचंच काम ते,” म्हणत आबा तंबाखू मळायला घेतात.