अपग्रेडकर

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक अपग्रेडकर राहतो. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता वीजबिलापुरतंच उरलंय. वय सत्तावीस, नोकरी आयटीत, लग्न लांबणीवर. का? तर आधी ग्राफिक्स कार्ड.

अपग्रेडकरांच्या कॅबिनेटचं झाकण कधीच बसवलेलं नसतं. स्क्रू वाटीत आणि झाकण पलंगाखाली. उन्हाळ्यात टेबलफॅनचं तोंड कॅबिनेटकडे, स्वतः मात्र घामाघूम. आई ओरडते, "अरे, झाकण लाव, पाल जाईल आत!" हा म्हणतो, "थांब गं, अजून रॅम यायचीय."

बॉटलनेक हा त्याचा लाडका शब्द. नव्या कार्डाला जुना प्रोसेसर पुरा पडेना, म्हणून प्रोसेसर बदलला. तो जुन्या मदरबोर्डात बसेना, म्हणून बोर्ड बदलला. त्या बोर्डाला डीडीआर५ लागते आणि डीडीआर४ची पट्टी तिथे शिरतच नाही, तिची खाचच वेगळ्या जागी. म्हणून रॅमही नवी. नळाचा वॉशर बदलायला प्लंबर बोलवावा आणि अख्खी मोरी फोडून व्हावी, तशातली गत.

बरं, गडी अडाणी नाही. माझा कॉम्प्युटर रडायला लागला तेव्हा त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "काका, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, आठ जीबीच्या एका पट्टीला जोडीदार द्या. यावर एक रुपया घालू नका." खरंच, तेवढ्यावर काम भागलं. दुसऱ्याच्या पैशांबाबत हा माणूस इतका शहाणा! त्याच्या जुन्या एएम४ बोर्डावर, २०१७ सालच्या, बायोस अपडेट करून २०२२चा रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला असता. हेही मला त्यानेच समजावून सांगितलं. नवा बोर्ड घरी आणल्यावर.

गेल्या दिवाळीत १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलणार; आधीच्या साठ हर्ट्झवाल्यावर कार्डाने दोनशे फ्रेम ओतल्या तरी दिसणार साठच. सगळ्यांना बोलावणं झालं. "काका, बघा, माउस कसा लोण्यावरून फिरतोय!" फराळाची बशी हातात होती, त्यामुळे आम्हालाही लोणी दिसलं.

मे महिन्यात आठवीतली मामेबहीण सुट्टीला आली. तिने सहज डिस्प्ले सेटिंग उघडलं आणि म्हणाली, "दादा, हे साठवरच आहे."

विंडोजमध्ये तो आकडा कधीकधी स्वतः बदलावा लागतो. सहा महिने हा साठच बघत होता, आणि तृप्त होता. त्या दिवशी तो जेवला नाही म्हणे.

एवढं करून हा खेळतो काय? ‘जीटीए व्हाइस सिटी’. २००२ सालचा गेम. त्यातला फ्रेम लिमिटर काढला तर गाड्या धड वागत नाहीत, म्हणून तो चालू ठेवायचा, आणि चालू ठेवला की सेकंदाला फ्रेम मिळतात तीस.

पुढच्या महिन्यात पुन्हा कार्ड बदलतोय. जुनं मी आधीच सांगून ठेवलंय.