पी हळद, हो गोरेगावकर

'पी हळद आणि हो गोरी' हा लोकांसाठी टोमणा असेल, आमच्या आईसाठी तो औषधोपचार होता. मी गोरेगावातच जन्मलो, हळद लिटरवारी प्यायलो, तरी रंगात फरक पडला नाही.

शिंक आली की आरेचं दूध तापायचं आणि त्यात हळद पडायची, वर मिऱ्याची चिमूट. मिऱ्यातल्या पिपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगी लागतं, हे शास्त्रज्ञ सांगतात, आई म्हणायची, "मिरं नसेल तर ते दूध कसलं?" पुरावा मागितला तर दुसरा पेला मिळायचा.

एकदा विळीवर नारळ खवताना माझा अंगठा सोलवटला. आईने मूठभर हळद दाबली. डॉक्टर म्हणाले, "जखम दाखवायला आणलीत की फोडणीला टाकायला?"

1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने मिळवलं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली भारताची वैज्ञानिक संशोधन परिषद, सीएसआयआर, लढली, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. बातमी वाचून दाखवली तर आई म्हणाली, "अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले म्हणायचे! एवढे कागद कशाला? तुझा अंगठाच पाठवायचास."

अंगठा बरा झाला. हळदीने की डॉक्टरांच्या पट्टीने, हा वाद घरात अजून मिटलेला नाही. त्या गडबडीत माझा पांढराशुभ्र शर्ट मात्र पिवळा झाला होता. मी तो बादलीत भिजवून साबण चोळला आणि सगळं लालभडक! साबणातल्या क्षाराने हळद लाल होते, कुंकूही असंच बनतं. पण हे शेजारच्या काकूंना कोण सांगणार? त्यांनी दारातून बादली पाहिली, "अगंबाई, केवढं रक्त!" म्हणून किंचाळल्या आणि धावत घरात जाऊन औषध घेऊन आल्या.

हळदीचा डबा.

"डाग उन्हात आपोआप जातो," आई म्हणाली. खरंच जातो, कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. पण हे जुलै महिन्यात गोरेगावच्या माणसाला सांगावं? शर्ट दोरीवर लटकला तो लटकलाच. पांढरा झाला गणपतीनंतर.