पंचवीस ग्रॅमचा नवरदेव

लांब पल्ल्याचं चालणं यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावकराला परकं नाही. गावावरून वणी–करंजी रस्ता जातो आणि करंजीला पोचलं की श्रीनगर ते कन्याकुमारी असा राष्ट्रीय महामार्ग ४४ आडवा येतो. म्हणजे सकाळी पायात चपला सरकवून निघालेल्या माणसाला, घरच्यांनी मागून हाक मारली नाही तर, देशाच्या कोणत्याही टोकाला जाता येतं. अशा माणसापुढे हल्ली एक प्रश्न येऊन बसला आहे: चहासाठी सोबत हलका स्टोव्ह न्यावा की नाही? मुठीत मावणारा, टायटॅनियमचा, अवघ्या २५ ग्रॅमचा स्टोव्ह आता बाजारात मिळतो. तो हातात घेतला की न घेण्याचं एकही कारण सुचत नाही. माझं म्हणणं असं की कारणं भरपूर आहेत, फक्त ती स्टोव्हच्या डब्यावर छापलेली नसतात. स्टोव्ह हा निर्मनुष्य मुलखासाठी आहे, आणि आपल्याकडे निर्मनुष्य मुलूख शोधायला निघालं तरी वाटेत आधी तीन टपऱ्या लागतात.

पहिला मुद्दा वजनाचा. २५ ग्रॅम हे झालं एकट्या नवरदेवाचं वजन. वऱ्हाड मागून येतं. गॅसचा डबा आला, भांडं आलं, वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा आला, लायटर आला, लायटर भिजला तर म्हणून काडेपेटी आली. मग चहापत्ती, साखर, दूधपावडर, गाळणी, सांडशी आणि कप. हे सगळं पिशवीत भरेपर्यंत नवरदेव कुठल्या खिशात होता तेच आठवत नाही. त्यात पाणी मोजलेलंच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास फिरत असताना पिशवीतलं पाणी प्यायचं की उकळायचं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला आधी सावलीत बसवावं.

दुसरा मुद्दा शास्त्राचा, आणि इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की शास्त्र स्टोव्हच्या बाजूने आहे. २०० मिलिलिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला जवळपास ५९ किलोज्यूल उष्णता लागते. निम्मी वाऱ्यावर गेली असं धरलं तरी गॅस अडीच-तीन ग्रॅमच जळतो. स्पिरिट असेल तर साडेचार-पाच ग्रॅम. शिवाय विदर्भाचा उन्हाळा मदतीला धावून येतो: बाटलीतलं पाणी आधीच ४० अंशांवर असेल तर इंधनाचा सातवा हिस्सा सूर्यनारायण भरतो. एवढं अनुदान इथे दुसऱ्या कशावर मिळत नाही. पण हा हिशेब पाणी उकळेपर्यंतचा आहे. परदेशी स्टोव्हवाले पाण्याला उकळी किती मिनिटांत येते ते सांगतात आणि थांबतात. आपला चहा तिथे सुरू होतो. मग आलं ठेचायचं, पत्ती टाकायची, दूध ओतायचं, दोनदा वर येऊ द्यायचं आणि तिसऱ्यांदा उतू जायच्या आत पकडायचं. तीन बारक्या पायांवर डुगडुगणाऱ्या भांड्यात हे करून पाहणाऱ्याच्या वाट्याला कोरा चहा येतो, कारण दूध तोवर गवतावर गेलेलं असतं.

तिसरा मुद्दा इंधनाचा, आणि इथे कायदा आडवा येतो. गॅसचा डबा घेऊन रेल्वेत बसता येत नाही. ज्वलनशील वस्तूंना डब्यात बंदी आहे. बंदीत स्पिरिटही येतं, तरी हौशी लोक तिकडे वळतात. अमेरिकेत मांजराच्या खाण्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून स्पिरिटचा स्टोव्ह करतात. मारेगावातलं मांजर शेजारच्या घरातल्या दुधावर जगतं; त्याचा डबा आणायचा कुठून? डबा मिळाला तरी स्पिरिटची बाटली पिशवीत ठेवून माणूस नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात शिरला, की तिथे दारूबंदी. बाटलीचं झाकण उघडून हुंगणाऱ्या हवालदाराला टायटॅनियमचं महत्त्व पटवायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात हिंगणघाट येईल. राहिली तीन दगडांची चूल. पण आपलं जंगल सागाचं. उन्हाळ्यात खाली वाळक्या पानांचा थर असतो, आणि राखीव जंगलात आग पेटवण्याबद्दल १९२७ च्या वन कायद्याचं मत चहाला अनुकूल नाही.

आता आक्षेप. पहिला स्वावलंबनाचा: चालणाऱ्याने कुणावर अवलंबून राहू नये. ऐकायला हे थोर वाटतं. पण या मातीतले मोठे चालणारे नेमके उलटे होते. १९५१ मध्ये विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. तिथून पुढे पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि चालणं तेरा वर्षं थांबलं नाही. मुक्काम गावात, भाकर गावाची. शेगावची गजानन महाराजांची पालखी सुमारे ७०० किलोमीटर चालून पंढरपूरला जाते. वाटेवरची गावं वारकऱ्यांना चहा पाजल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. साऱ्या विदर्भावर मात करणारा चालणारा तर आपल्याच जिल्ह्यातला: टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि तेलंगणात डोकावून, सुमारे ३,००० किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. सामान म्हणून त्याच्याकडे एक रेडिओ कॉलर होती, तीही माणसांनी घातलेली.

दुसरा आक्षेप खरा जिव्हाळ्याचा: टपरीवरचा चहा फार गोड असतो. हे मान्य. वणीच्या खाणींमधून कोळसा घेऊन निघालेले ट्रक डिझेलवर चालतात आणि त्यांचे ड्रायव्हर चहावर, त्यामुळे त्या रस्त्यावर साखरेचं प्रमाण ट्रकच्या मापाने ठरतं. बिनसाखरेचा मागितला तर टपरीवाला आधी तब्येतीची चौकशी करतो आणि मग आपल्या काकांच्या मधुमेहाची पूर्ण हकिकत सांगतो. पण वेगळा चहा टाकून देतोच. तिसरा आक्षेप असा की पहाटे चार वाजता टपरी बंद असते. असते. त्याला गांधीजींचं उत्तर आहे: आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी चहा, कॉफी आणि कोको तिन्हींना अनावश्यक ठरवलं आहे. हे उत्तर न पटणाऱ्यांनी पाच वाजता निघावं.

चौथा आक्षेप मी मानतो. हिमालयात, जिथे दोन-दोन दिवस माणूस दिसत नाही आणि थंडीने बोटं वळत नाहीत, तिथे गरम पेय ही चैन राहत नाही. तिथे स्टोव्ह न्यावा, आणि साधा ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायला नकार देतो हे ध्यानात ठेवून मिश्र गॅसचा डबा न्यावा. नर्मदा परिक्रमेला निघालेला विचारेल, सदावर्तात मिळालेला शिधा शिजवायचा कशावर? तर चूल आणि भांडी बहुधा तिथेच मिळतात, आणि संग्रह करू नये हा परिक्रमेचा नियमच आहे. बाकी अमेरिकेतल्या ॲपलाचियन वाटेचं उदाहरण कुणी देणार असेल, तर १९५५ मध्ये ती जवळपास ३,३०० किलोमीटरची वाट एकटीने पुरी करणाऱ्या ६७ वर्षांच्या एमा गेटवुड यांच्या कापडी पिशवीत तंबूसुद्धा नव्हता.

तेव्हा निकाल सरळ आहे. बर्फात जाणार असाल तर स्टोव्ह घ्या. मारेगावहून करंजीकडे, वणीकडे किंवा थेट पंढरपूरकडे पायी निघणार असाल तर तो घरी ठेवा, सुटे पैसे घ्या आणि कुणी ‘चहा घ्या’ म्हटलं तर नाही म्हणू नका. फक्त साखर आधी सांगा.