चॉकलेटातला चक्का : परदेशी जाणाऱ्या वर्धेकरांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांतल्या रहिवाशांना लागू आहे. नागपूरकरांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर वाचावी. त्यांच्याकडे संत्राबर्फी आहे, आणि ज्याच्या घरी संत्राबर्फी आहे तो माणूस परदेशात जाऊन फार शोधाशोध करत नाही.

परदेशात मिठाई सापडावी असे वाटत असेल तर आधी घरची संपली पाहिजे. भरल्या डब्याने कुणाला काही सापडल्याचे उदाहरण नाही. म्हणून निघतानाच हिशेब चुकवून निघावे. मी हंगेरीला, देब्रेत्सेन या गावी शिकायला निघालो तेव्हा आमच्याकडे हा हिशेब सरकारी नियमानेच चुकला. हंगेरी सरकारची शिष्यवृत्ती दरवर्षी 200 भारतीय विद्यार्थ्यांना मिळते, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ झाले होते. पण युरोपीय संघात प्रवाशाला सोबत दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे निघायच्या आदल्या रात्री कळले. तोवर आईने दोन किलो तूप कढवून, गाळून, बरणीला फडके बांधून ठेवलेले होते.

"काऊन बे, तुपानं इमान पडते काय?" बाबांनी विचारले.

मी नियम वाचून दाखवला. तूप नाही, खवा नाही, चीज नाही. बिस्किटे, केक आणि चॉकलेट मात्र चालते. म्हणजे तूप बरणीत असेल तर अडते आणि पिठात भाजलेले असेल तर सुटते. एवढे ऐकल्यावर बाबांनी चपला घातल्या आणि गोरस भांडारातून गोरसपाकाचे चार डबे आणले. गाईच्या तुपातला, दातांखाली रवाळ फुटणारा आणि शर्टावर भुगा सांडल्याशिवाय न खाता येणारा हा पदार्थ नियमाच्या दृष्टीने बिस्कीट आहे. वर्धेकर त्याला बिस्कीट म्हणत नाही. पण कस्टमवाल्याने विचारले तर म्हणावे.

चार डबे पुरवून खाण्याची पद्धत अशी. पहिला डबा पहिल्या आठवड्यात जातो, त्याचा शोक करू नये. दुसरा वर्गातल्या इतर भारतीयांना कळतो. तिसरा कपड्यांच्या खाली लपवावा. चौथ्याच्या तळाशी राहिलेला भुगा दुधात घालून चमच्याने खाल्ला जातो, त्या दिवशी तुम्ही शोधाला पात्र झालात असे समजावे.

आता बाजार. मिठाई मुळात दुधापाशी असते हे आपल्याला शिकवावे लागत नाही. म्हणून दुकानात शिरल्यावर पाय आपोआप दुधाच्या कपाटाकडे वळतात, आणि इथे भाषेचा पहिला फटका बसतो. हंगेरियन दुधाच्या पिशवीवर जो शब्द असतो तो आपल्या डोळ्यांना 'तेज' असा दिसतो. आपल्याकडे तेज म्हणजे तिखट. भाजी तेज झाली म्हणजे नाकातून पाणी. मी पहिले दोन दिवस मिरचीचे दूध समजून त्या पिशवीला हात लावला नाही. उच्चार 'तेय' आहे आणि ते साधे दूध आहे. त्याच्या शेजारी 'तेयफॉल' नावाचा डबा असतो, तो दही समजून घेऊ नये. ती आंबवलेली साय आहे. मी तिची कढी केली. कढी उकळली, फाटली, वर तुपाचा तवंग आला. तूप नेता येत नाही म्हणणाऱ्या संघात तूप असे आपोआप मिळाले, पण कढी गेली.

दुधाच्या कपाटाने दगा दिला की माणूस चॉकलेटच्या रांगेत जातो. वर्धेकराने इथे विशेष सावध राहावे. तिथे लाल-सोनेरी कागदातली, गोल, गोजिरवाणी चॉकलेटे असतात. नाव 'कोन्याकमेद्य'. मेद्य म्हणजे आंबट चेरी. मी नावातला शेवटचा शब्द तेवढा वाचला आणि एक अख्खे तोंडात टाकले. कवच फुटले, आतून चेरी आली आणि चेरीसोबत ब्रँडी. वर्धा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा. तिथे जन्मलेल्या माणसाच्या घशाखाली ब्रँडी कशी उतरते हे मी इथे सविस्तर लिहीत नाही. इतकेच सांगतो, की उतरली. मग नावाकडे पुन्हा पाहिले. कोन्याक पुढेच लिहिलेला होता, आणि मेद्य आणि मद्य यांत एका मात्रेचा फरक.

अशा वेळी सद्सद्विवेकबुद्धी टोचते. तिला आपल्याच जिल्ह्यातला दाखला द्यावा. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. पुढे हिंदुस्थानात जिवावरचे आजारपण आले तेव्हा कस्तुरबांनी मुद्दा काढला, की व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैस होती. बकरीचे घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतले. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, अशी बोच मात्र त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. हाच माणूस पुढे सेवाग्रामात राहिला. त्याच्या प्रेरणेने जमनालाल बजाजांनी 1941 साली गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले, गोपुरीत झोपडीत राहून अखेरचे महिने गाईंत घालवले आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी देह ठेवला. वर्ध्यात गोरस हा शब्द घरोघरी आहे तो त्या काळापासून. गाईचे दूध सगळ्या जिल्ह्याला दिले आणि आश्रमात बकरी बांधली! तेव्हा ब्रँडीची चेरी खाल्ली म्हणून फार हळहळू नये, फक्त बोच लिहून ठेवावी. ही मी लिहिली. त्या चेरीचा डबा गावी मात्र आणू नये.

आता खरा शोध. तो मला दुकानात लागला नाही, घरमालकीणबाईंच्या फ्रीजमध्ये लागला. हंगेरीत वयाने मोठ्या बाईला 'नेनी' म्हणतात, म्हणजे आपली काकू किंवा मावशी, जे नाते बसेल ते. परदेशात ज्या गावी अनोळखी बाईला काकू म्हणायची सोय आहे तिथे मराठी माणूस अर्धा घरी असतो. आमच्या नेनी सत्तरीच्या पुढच्या. मी त्यांना पोळ्याच्या दिवशी लपवलेल्या डब्यातला एक गोरसपाक दिला होता. त्यांनी तो कॉफीत बुडवला, डोळे मिटले आणि 'फिनोम' म्हणाल्या. फिनोम म्हणजे चविष्ट. मग उठून फ्रीज उघडला आणि दुधाशेजारून एक बोटाएवढी कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. पांढऱ्या कागदावर लाल ठिपके, लग्नातल्या चुनडीसारखे. नाव 'तूरो रुदी'.

मला वाटले तुरीचे काहीतरी आहे. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात, इथे तुरीची वडी करत असतील. एका शेतकरी कुटुंबातल्या मुलाची ही चूक वाचकाने समजून घ्यावी.

कागद एका टोकाने सोलायचा. आत काळसर चॉकलेटचे कवच, नखाएवढेही जाड नाही. गार असते, त्यामुळे दात लागताच कट्कन मोडते. आणि आत पांढरा, थंड, किंचित रवाळ, आंबटगोड गोळा. मी थांबलो. ही चव तोंडाला ओळखीची होती पण नाव आठवेना. मग श्रावणातल्या दुपारी स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेले ओले फडके डोळ्यांपुढे आले. खाली पातेले, पातेल्यात टपटप पडणारे पाणी, आणि "हात लावू नको" म्हणणारी आई. चक्का! तूरो म्हणजे चक्का आणि पनीर यांच्या मधला भाऊ. दूध नासवून, पाणी निथळवून करतात. त्यात साखर घालून, कांडी वळून, वरून चॉकलेटची झूल चढवली की झाला तूरो रुदी. 'रूद' म्हणजे दांडी, आणि रुदी हे रुडॉल्फचे लाडाचे नाव. आपल्याकडे 'चक्क्याचा बाळ्या' म्हणावे तसे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण मार्गदर्शिकेत तो असतो. ही कल्पना मूळची सोव्हिएत संघातली. चॉकलेट लावलेला गोड छेना तिथे आधीपासून होता. 1954 साली हंगेरीचे दुग्धतज्ज्ञ तिकडे अभ्यासाला गेले, पाहून आले, आणि चौदा वर्षे विचार करून 1968 साली बुडापेस्टला त्याची कांडी निघाली. पुढे मातेसाल्का या पूर्वेकडच्या गावी कारखाना वाढला. नाव ऐकायला जरा चावट वाटते म्हणून सुरुवातीला जाहिरातच अडली होती म्हणतात. आता त्या ठिपक्यांवाचून हंगेरियन माणसाचे बालपण पुरे होत नाही. साधी कांडी 30 ग्रॅमची, मोठी 51 ग्रॅमची. जर्दाळू किंवा स्ट्रॉबेरी भरलेली असते, ती पाहुण्यांसाठी ठेवावी. आपण साधी खावी.

व्यावहारिक सूचना एकच, पण तिच्यासाठीच बाकी सगळे लिहिले. ही कांडी चॉकलेटच्या रांगेत शोधू नये. तिथे ती नसते. ती दुधाच्या कपाटात, तेयफॉलच्या डब्यापासून हातभर अंतरावर असते. मी चार महिने तिच्यापुढून गेलो आणि दरवेळी आंबट साय उचलून आणली. वर्धेकराचे पाय पहिल्या दिवशी बरोबर वळले होते. दूध म्हणजे तिखट हे डोक्याने ठरवले तिथे बिघडले.

ती उभ्याउभ्या, फ्रीजचे दार उघडे ठेवून खाण्याची स्थानिक रीत आहे. चहाबरोबर घेऊ नये, कवच वितळून बोटांना लागते. फ्रीझरमध्ये टाकू नये, चक्क्याचा दगड होतो. कापून चारचौघांत वाटू नये. आपल्याकडे एका पेढ्याचे चार तुकडे करणारे लोक असतात, त्यांच्या हाती हा पदार्थ लागू देऊ नये.

पदार्थ सापडल्यावर माणूस त्याच्या गाईपर्यंत जाऊ पाहतो. मीही गेलो. देब्रेत्सेनच्या पश्चिमेला होर्तोबाज नावाचे मोठे माळरान आहे, 1973 पासूनचे राष्ट्रीय उद्यान. तिथे हंगेरीची करडी गुरे चरतात, हातभर लांब शिंगांची. जुन्या काळी ती कळपाने चालवत व्हिएन्नापर्यंत, जर्मन शहरांपर्यंत विकायला नेत. दुधाला बेताची, चालीला पक्की. मला आर्वी-कारंजाकडची गवळाऊ गुरे आठवली. रंग तसाच पांढरा-करडा, दूध तसेच बेताचे, आणि चाल अशी की भोसल्यांच्या फौजेची ओझी यांनीच वाहिली असे आपल्याकडे सांगतात. रुदीतले दूध या करड्या गाईंचे नसते, तसे ते ठिपक्यांच्या कारखान्यात जाण्याइतके निघतही नाही. पण कुंपणाला टेकून मी तिथे अर्धा तास उभा होतो. एका गाईने माझ्याकडे पाहिले आणि पाठ फिरवली. ही गोष्टसुद्धा आर्वीसारखीच.

आता शेवटचा आणि अयशस्वी भाग: गावी नेणे. हंगेरीहून वर्ध्याला ही कांडी नेऊ नये. मी नेली. मे महिना होता. बुडापेस्टला विमानात बसलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फ आणि वीस रुद्या. दिल्लीला बर्फाचे पाणी झाले. नागपूरला उतरलो तेव्हा बाहेर 45 अंश. तिथून वर्धा पाऊणशे किलोमीटर, गाडीतला एसी सिंदीच्या आसपास बंद पडला. घरी आल्यावर थर्मास उघडला तर पाण्यात लाल ठिपक्यांचे ओले कागद तरंगत होते आणि कागदांच्या आत काय होते ते हाताला लागत होते पण दिसत नव्हते.

आईने काही न बोलता एकेक कागद चमच्याने खरवडून सगळे वाटीत काढले. पांढऱ्यात तपकिरी वळणे. फ्रीजमध्ये ठेवले, तासाभराने बाहेर काढले, स्वतः आधी चाखले. नंतर दुसरा चमचा घेतला, पडताळणीसाठी.

"हे तं श्रीखंडच व्हय," ती म्हणाली. "विलायची टाकाले इसरले बिचारे."

बाबांनी वाटी पुसून खाल्ली आणि विचारले, की तिकडच्या त्या काकूंना गोरसपाक किती लागतो. परतताना सहा डबे दिले. नेनींशी ठरलेला भाव सध्या एका गोरसपाकाला दोन रुदी असा आहे. पुढे जाणाऱ्या वर्धेकरांनी तो पाडू नये.